भोक सारखंच, पण वाट उलटी

भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याचा पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल, माझ्या गळ्यात मारून गेला. डोंबिवलीच्या आमच्या वन बीएचकेत टीव्ही एकच, आणि संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत त्यावर आईचा ताबा. मी ऑफिसातून घरी पोचतो साडेसातला. म्हणजे खेळायचं ते आई झोपल्यावर, आवाज बंद करून.

बेडरूममध्ये 24 इंची ऑल-इन-वन डेस्कटॉप आहे, म्हणजे पडद्यातच अख्खा कॉम्प्युटर. पडदा छान, मागे एचडीएमआयचं, म्हणजे चित्र आणि आवाज नेणाऱ्या केबलचं भोक. पीएस फोरची केबल त्यात खुपसली, बटण दाबलं, आणि विंडोज जशी होती तशीच समोर. केबल बदलली, रिस्टार्ट केलं, सेटिंग्ज उचकून पाहिल्या. दोन संध्याकाळी गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की ते भोक बाहेर जायचं आहे. कॉम्प्युटरचं चित्र दुसऱ्या पडद्यावर पाठवायला. बाहेरचं चित्र आत घेणारं भोक काही ऑल-इन-वनना असतं, त्याशेजारी बहुतेक ‘इन’ लिहिलेलं असतं. माझ्या मशीनवर नुसतं ‘एचडीएमआय’. भोकाचा आकार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे केबल बिनतक्रार बसते आणि आपण फसतो.

ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, “माझ्या जुन्या आयमॅकमध्ये होतं की हे.” आयमॅक म्हणजे अ‍ॅपलचा ऑल-इन-वन. खरंच होतं. 2009च्या 27 इंची आयमॅकपासून ही सोय आली आणि 2014पर्यंतच्या बऱ्याच मॉडेलांत राहिली. कमांड आणि एफ टू दाबलं की आयमॅक निव्वळ पडदा व्हायचा. जास्त बारकाव्याचा फाइव्ह के पडदा आला आणि ती सोय गेली. माहिती चांगली, पण मला उपयोग शून्य.

मग कॅप्चर कार्ड, बाहेरचं चित्र यूएसबीतून कॉम्प्युटरात घेणारं. हजाराच्या आतलं, पेन ड्राइव्हएवढं. एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला यूएसबी. कॉम्प्युटरला ते वेबकॅमसारखं दिसतं, म्हणून वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ओबीएस हे व्हिडिओ दाखवणारं आणि रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाकलं, कार्ड निवडलं आणि समोर काळाकुट्ट पडदा. हा घोळ एचडीसीपीचा, म्हणजे चित्राची चोरी होऊ नये म्हणून एचडीएमआयवर घातलेल्या कुलपाचा. पीएस फोर टीव्हीला जोडून सेटिंग्ज, सिस्टीम, तिथे ‘एनेबल एचडीसीपी’वरची खूण काढायची. ती काढली की सिनेमे दाखवणारी काही अ‍ॅप्स चालत नाहीत. गेमना काही फरक पडत नाही.

चित्र आलं! पण कसं, तर लग्नाच्या अल्बमची पानं कुणीतरी उलटतंय असं. इथे जरा हिशेब केला. 1080पी (फुल एचडी) चित्र सेकंदाला 60 वेळा, कॉम्प्रेस न करता पाठवायचं तर सेकंदाला जवळजवळ 2 गिगाबिट लागतात. यूएसबी टूची कागदावरची मर्यादा 480 मेगाबिट. (कार्डाच्या तोंडातलं प्लॅस्टिक निळं होतं, म्हणून मी ते यूएसबी थ्री समजलो होतो. आत सगळं टूच. निळा रंग बहुधा माझ्यासारख्यांसाठीच.) ओबीएसमध्ये व्हिडिओचा प्रकार ‘वायूवाय टू’ म्हणजे कॉम्प्रेस न केलेला होता, तो कॉम्प्रेस केलेला ‘एमजेपेग’ केला, चित्र लहान करून 720पीवर आणलं, तेव्हा 60 फ्रेम मिळाल्या. बफरिंग बंद केलं. आवाज येईना, तर ओबीएसमध्ये ऑडिओ मॉनिटरिंग चालू करावं लागतं. ते नसलं तर रेकॉर्डिंगमध्ये आवाज असतो आणि आपल्या कानाला नसतो.

आता क्रिकेटचा गेम लावला. चार ओव्हरांत सात वेळा बाद. टीव्हीवर मी इतका वाईट खेळत नाही, म्हणून संशय आला. एकाच चित्राच्या दोन वाटा करणारा स्प्लिटर आणला, एक वायर टीव्हीला, एक कार्डाला, आणि एका रविवारी डेस्कटॉप उचलून हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडला. आई म्हणाली, “आता हेही इथेच ठेवणार का रे?” फोनवर 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढून मोजलं. टीव्हीवर चेंडू सुटल्यापासून डेस्कटॉपवर सुटेपर्यंत 28 ते 30 फ्रेम, म्हणजे सुमारे 120 मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ. पण खऱ्या मैदानावर ताशी 140 किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात येतो, गेमही तेच गणित धरून चालतो. त्यातला जवळजवळ पाव वेळ माझं कार्ड खात होतं. बुद्धिबळाला, कोड्यांच्या गेमला हे कार्ड चालेल. फास्ट बोलरसमोर नाही.

घरच्या वायफायवरून रिमोट प्लेही, म्हणजे पीएस फोरचा गेम केबलशिवाय कॉम्प्युटरवर आणणंही, करून पाहिलं. साध्या पीएस फोरला तिथेही 720पीच, शिवाय उशीर कमीजास्त होत राहतो, आणि ते तर त्याहून वाईट. ठरलेल्या उशिराची हाताला निदान सवय तरी होते.

मध्ये एक उलटी युक्ती सुचली. डेस्कटॉपवर गेम येत नाही, पण मालिका तर येते! आईला अ‍ॅप लावून दिलं, गादीवाली खुर्ची दिली. दुसऱ्या जाहिरातीला ती उठली. “खुर्चीत ताठ बसून कोण मालिका बघतं?” याला उत्तर नव्हतं.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना 22 इंची मॉनिटर आणला. त्याला एचडीएमआय नाही, डीव्हीआय हे जुन्या पद्धतीचं भोक आहे, पण एचडीएमआय-डीव्हीआयची साधी केबल मिळते, कारण दोन्हीकडे चित्राचे सिग्नल एकाच जातीचे. जुने मॉनिटर कधीकधी एचडीसीपी ओळखत नाहीत. ते कुलूप मी आधीच काढून ठेवलेलं, त्यामुळे चित्र पहिल्या झटक्यात आलं. डीव्हीआयवरून आवाज येत नाही, म्हणून हेडफोन कंट्रोलरच्या खालच्या भोकात लावला आणि सेटिंगमध्ये सगळा आवाज हेडफोनकडे वळवला.

बाहेर मालिका ऐन रंगात. मी गार्ड घेतला. पहिलाच चेंडू आत आला आणि मधली दांडी गुल. या वेळी दोष द्यायला कार्ड नव्हतं.