अकरा वर्षांच्या बेज सीट: पाच शनिवारांची नोंद

दादाने त्याची अकरा वर्षं वापरलेली गाडी माझ्या हाती दिली तेव्हा म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. सीटचं मात्र आता काही व्हायचं नाही." मूळच्या फिक्या बेज रंगाच्या सीट. चालकाची सीट तपकिरी, गुळगुळीत आणि मांडीला चिकटणारी झालेली. गेले पाच शनिवार मी त्या सीटवर घालवलेत. काय केलं आणि कुठे चुकलं ते लिहून ठेवते आहे. फोटो दर वेळी एकाच जागेवरून, टॉर्च तिरका धरून काढले. उजेड समोरून पडला की मळ लपतो, तिरका पडला की चामड्याचा कण न् कण, म्हणजे पृष्ठभागावरची बारीक उंचसखल नक्षी, दिसते.

पहिला शनिवार

घासायला सुरुवात केलीच नाही. आधी सीट कशाची आहे ते पाहिलं. पाण्याचा एक थेंब बसायच्या भागावर ठेवला, एक पाठीवर, एक मागच्या सीटवर. पाच मिनिटांनीही तिन्ही थेंब मण्यासारखे उभे. म्हणजे चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक टॉपकोट आहे. थेंब जिरून काळा डाग पडला असता तर ते उघडं, ॲनिलिन लेदर ठरलं असतं आणि माझी पुढची सगळी पद्धत बदलली असती. आजकालच्या बहुतेक गाड्यांत थर दिलेलंच लेदर असतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. सीटच्या बाहेरच्या बाजू आणि पाठीमागचा भाग लेदरचा नाहीच, व्हिनाइल आहे. अंगठ्याने दाबलं की लेदरवर बारीक सुरकुत्या पसरतात, व्हिनाइल नुसतं खाली दबतं. आपण ज्याला 'लेदर सीट' म्हणतो तिच्यात खरं चामडं बरेचदा अंग टेकतं तेवढ्याच भागात असतं.

मग व्हॅक्यूम. मऊ केसांचं तोंड लावून आधी शिवणी, मग पाठ आणि बैठक जिथे मिळतात ती खाच. या खाचेतली रेती हीच शिवणीची वैरी. दर वेळी बसताना ती टाक्यांवर कानशीसारखी घासते. एका सीटच्या खाचेतून मूठभर रेती निघाली. त्या दिवशी एवढंच.

दुसरा शनिवार

आज चालकाची सीट, आणि तीही अर्धीच.

क्लीनर पाण्यावर आधारलेला, किंचित आम्लधर्मी घेतला. याला कारण आहे. गाडीचं चामडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि त्याचा पीएच साधारण ४ च्या आसपास राहतो. साबणाचा पीएच ९-१० पर्यंत जातो. असा साबण वर्षानुवर्षं वापरला की जिथे थर झिजलाय तिथून तो आत उतरतो आणि तंतू कडक होत जातात. एका धुण्याने काही बिघडत नाही. सवय बिघडवते.

फवारा सीटवर मारला नाही, ब्रशवर मारला. ब्रश घोड्याच्या केसांचा. एका वेळी वीतभर चौकोन, हात हलका, गोल गोल. पंधरा-वीस सेकंदांत पांढरा फेस चहाच्या रंगाचा झाला. फेस सुकू द्यायचा नाही. सुकला की सुटलेला मळ पुन्हा कणांच्या खळग्यांत जाऊन बसतो. ओलसर मायक्रोफायबरने उचलायचा, म्हणजे खरोखर उचलायचा, इकडून तिकडे पसरवायचा नाही. फडकं प्रत्येक चौकोनाला नव्या घडीवर.

मधल्या भागात बारीक भोकं आहेत. तिथे ब्रश अजिबात ओला ठेवला नाही. फेस फडक्यावर घेतला, पुसलं, लगेच कोरड्या फडक्याने टिपलं. भोकांतून पाणी उतरलं तर खाली फोम आहे, सीट गरम करायच्या तारा आहेत, बसणाऱ्याची जाणीव घेणारा सेन्सर आहे. फोम सुकायला दिवस लागतात आणि कुबट वास त्याहून जास्त रेंगाळतो.

पहिल्या फेरीनंतर थोडी निराशा झाली. सीट अजून चिकट होती. मग आठवलं, दादा दर महिन्याला तिला चकाकी आणणारं पॉलिश चोळायचा. सिलिकॉनचा तो थर, त्यावर घाम, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा पॉलिश, असे पापुद्रे साचले होते. तीन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीला फेस पांढराच राहिला आणि चकाकी पूर्ण गेली.

इथे थांबून सांगावंसं वाटतं. चकाकी जाणं हीच स्वच्छ झाल्याची खूण आहे. कारखान्यातून येताना या सीट मंद, जवळजवळ कोरड्या दिसतात. चमकते ती त्वचेची चरबी आणि आपणच चोळलेलं पॉलिश. अर्धी सीट मंद बेज आणि अर्धी चकचकीत तपकिरी असा फोटो काढला तेव्हा मी बराच वेळ तिच्यासमोर नुसती बसून राहिले.

तिसरा शनिवार

उरलेली अर्धी, शेजारची सीट आणि मागची. मागच्या सीटला एकच फेरी पुरली, तिथे फारसं कोणी बसलेलंच नाही. स्टिअरिंगला मात्र चार फेऱ्या. हाताला लावायच्या सॅनिटायझरमधलं अल्कोहोल टॉपकोट मऊ करतं आणि मळ त्यात रुततो. ज्यांना गाडीत बसल्या बसल्या सॅनिटायझर लावायची सवय आहे त्यांनी तो वाळेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये, ही मनापासून विनंती.

चूक याच दिवशी झाली. शेजारच्या सीटच्या बाहेरच्या फुगवट्यावर, म्हणजे चढता-उतरता मांडी घासते त्या लेदरच्या उंच कडेवर, जीन्सचा निळा पट्टा होता. जीन्सची नीळ धाग्याच्या आत मुरत नाही, वरवर बसते, म्हणून घासली की सुटते आणि फिक्या लेदरवर उतरते. ताजी असेल तर क्लीनरने निघते. हा पट्टा जुना, थरात मुरलेला. मी मेलामाइनचा पांढरा स्पंज घेतला आणि दहा-बारा वेळा घासलं. निळं गेलं. स्पंज पाहिला तर त्यावर निळ्याबरोबर बेजही होतं. हा स्पंज डाग विरघळवत नाही, अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखा तो पृष्ठभागच खरवडतो. टॉपकोट गेला होता आणि रंगही जायला लागला होता. आख्खं चामडं मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचं, त्यावरचा थर कागदाहूनही पातळ. घासताना आपण त्या पातळ थरावर काम करत असतो, हे मला तेव्हा नीट उमजलं.

चौथा शनिवार

आता रंग देणं भागच होतं. चालकाच्या फुगवट्यावरही चढता-उतरता झिजून पांढरट रेघा पडल्या होत्या, म्हणून दोन्ही एकत्र घेतलं.

रंगापेक्षा तयारीला वेळ गेला. पुन्हा क्लीनर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन फक्त रंगवायच्या जागी एक-दोनदा हलका हात. उरलेला सिलिकॉन गेला नाही तर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल ठिपके पडतात. त्यानंतर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने भेगांच्या उठलेल्या कडा सपाट केल्या, धूळ टिपली. भेगा वरच्याच थरातल्या होत्या, चामडं शाबूत होतं. त्यामुळे फिलर, म्हणजे भेगा भरायची लुकण, लागला नाही.

एक खबरदारी घेतली. या सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगची पट्टी आहे. तिथली शिवण वेळ आली की उसवावी अशाच बेताने घातलेली असते. तिच्यावर रंगाचा जाड थर, गोंद, फिलर काहीही जाऊ दिलं नाही, टेप लावून झाकून टाकली. ती शिवण कुणी स्वतः दुरुस्त करू नये आणि अशा सीटवर साधं कव्हरही चढवू नये.

बेज जुळवायला दीड तास गेला. पाण्यातला हा रंग ओला असताना दुधाळ, फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. म्हणून सीटखालच्या, न दिसणाऱ्या पट्टीवर ठिपका द्यायचा, ड्रायरने वाळवायचा, मगच ठरवायचं. किंचित पिवळा, त्याहून किंचित काळा, असं पाचव्या ठिपक्याला जमलं. स्पंजच्या तुकड्याने टिपत टिपत सहा पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळवून. जाड एक हात दिला असता तर कण बुजले असते आणि ती जागा ठिगळासारखी दिसली असती. वर मंद टॉपकोटचे दोन हात. मग पूर्ण दिवस गाडीला हात लावला नाही.

पाचवा शनिवार

कंडिशनरबद्दल, म्हणजे चामडं मऊ ठेवायला चोळतात त्या तेलकट द्रव्याबद्दल, माझं मत या महिन्यात बदललं. थेंब ज्या थरावरून घरंगळतो त्यातून तेल आत कसं शिरणार? ते वर राहतं, धूळ धरतं, आणि दादाच्या पॉलिशची गोष्ट पुन्हा सुरू होते. उघड्या लेदरला तेल हवंच. थराच्या लेदरला वेळेवर पुसणं आणि घर्षण कमी करणारं पातळ संरक्षक द्रव्य जास्त उपयोगी. ते दिलं की नीळ थरापर्यंत पोचायच्या आधीच पुसली जाते. मी तेच दिलं, फडक्यावर चार थेंब घेऊन, आणि जास्तीचं लगेच टिपलं. कंडिशनर फक्त जुन्या बारीक भेगांवर आणि सुरकुत्यांच्या घड्यांत लावला.

उन्हासाठी समोरच्या काचेला पडदा घेतला. बंद गाडीत ऊन पडतं तो पृष्ठभाग ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या तापाने चामड्यातला ओलावा जातो, ते आकसतं, आणि वरचा थर त्याच्याबरोबर आकसू शकला नाही की भेगा पडतात.

आज सकाळी पांढरं ओलसर फडकं चालकाच्या फुगवट्यावर फिरवलं. फडक्यावर रंग आला नाही, थोडी राखाडी धूळ आली. तिरक्या टॉर्चमध्ये रंगवलेली जागा शोधावी लागते. शेजारच्या सीटची मात्र सापडते: तिथले कण मी स्पंजने घासून बसवले आणि ते परत यायचे नाहीत. रोज जीन्स घालूनच चढते आहे, मुद्दाम. महिन्याभराने याच जागेवरून फोटो टाकेन, संरक्षक द्रव्य किती टिकलं ते तेव्हा कळेल. दादा काल येऊन बसला, हात फिरवला आणि विचारलं, "कव्हर बदललंस का?"