उपाशीपोटीची गोळी

गुहागरच्या आमच्या घरात माजघराच्या फडताळावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि आई आपली सगळी औषधे त्यातच ठेवते. गेल्या वर्षी आषाढात चिपळूणहून चार दिवसांसाठी घरी गेले असताना तिला रक्तदाबाची गोळी काढून देण्यासाठी मी तो डबा उघडला. आत एका काचेच्या बाटलीत पँटोप्राझोलच्या, म्हणजे जठरातले आम्ल कमी करणाऱ्या, गोळ्या पाकिटातून सोडवून ठेवलेल्या होत्या. पावसाळी हवेने त्या दमट होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांचे पिवळसर गुळगुळीत आवरण जागोजागी सुटून आतला पांढरा चुरा दिसत होता. रोज पन्नी फोडताना बोटे दुखतात, म्हणून महिन्याच्या गोळ्या आई एकदमच काढून ठेवत असे.

या गोळ्या कधीपासून घेतेस, असे विचारल्यावर ती सहज म्हणाली, "गुडघे धरले होते ना, तेव्हापासून." त्या गोष्टीला तीन वर्षे उलटून गेली होती. तेव्हा तिला सहा आठवड्यांसाठी डायक्लोफेनॅक दिले होते आणि त्या वेदनाशामकाने जठराच्या अस्तराला इजा होऊ नये म्हणून जोडीला पँटोप्राझोल दिले होते, ते योग्यच होते. पुढे वेदनाशामक थांबले, पण ही गोळी चालू राहिली. जुनी चिठ्ठी मी शोधून पाहिली, तेव्हा वेदनाशामकापुढे मुदत लिहिलेली होती आणि पँटोप्राझोलपुढे काहीही लिहिलेले नव्हते. औषधाच्या दुकानात रिकामे पाकीट दाखवले की नवे मिळत होते. हे औषध अनुसूची एचमध्ये मोडते, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हे पाकिटावर छापलेले असते. पण ती बारीक अक्षरे आमच्याकडे कोणी वाचत नाही, आणि इतकी वर्षे मीही वाचली नव्हती.

ही गोळी कशी काम करते ते समजले की ती कशी घ्यायची हे वेगळे पाठ करावे लागत नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सारी औषधे त्या पंपांना कुलूप घालतात. मात्र जे पंप त्या वेळी चालू असतील त्यांनाच घालू शकतात. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळच्या पहिल्या खाण्याने हे पंप मोठ्या संख्येने जागे होतात, आणि नेमक्या त्या वेळी औषध रक्तात हजर असावे लागते. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवून झाल्यावर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही. शिवाय पहिल्याच दिवशी पूर्ण आराम पडत नाही, परिणाम पूर्णपणे जाणवायला तीन ते पाच दिवस जावे लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अधीर होऊन स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेणे चूक आहे.

आईची खरी अडचण चहाची होती. पहाटे उठल्याबरोबर चहा, त्याबरोबर गोळी आणि नऊ वाजता घावणे, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. डॉक्टरांनी सांगितले की उठल्यावर आधी साध्या पाण्याबरोबर गोळी आणि निदान अर्ध्या तासाने चहा. घड्याळ बघून थांबणे तिला जमेना, तेव्हा आम्ही तो अर्धा तास कामांनी मोजला: गोळी घ्यायची, मग खळे झाडायचे, देवासाठी जास्वंद आणि तगर काढायची, पाणी तापवायचे आणि मगच चहाचे आधण ठेवायचे. हा क्रम पहिल्या आठवड्यातच तिच्या अंगवळणी पडला.

गोळी चावायची किंवा कुटायची नाही, यालाही तसेच कारण आहे. हे औषध आम्लातच नासते, म्हणून जठरातून सुखरूप पार होऊन लहान आतड्यात विरघळेल असे आवरण त्यावर चढवलेले असते. ते आवरण मोडले की औषध वाटेतच वाया जाते. आईच्या बाटलीतल्या गोळ्यांचे आवरण तर कोकणातल्या पावसानेच उतरवले होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा पाझरते, तिथे उघड्या गोळीचा काय पाड लागणार? गोळी घेण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातच राहू द्यावी, पाकीट चुलीजवळ किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून ठेवू नये. आणि दुकानदाराने पाकीट कापून दिले तर औषधाचे नाव व मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे आला आहे का, हे तिथेच उभे राहून पाहावे. बोटे दुखणाऱ्या माणसासाठी घरातल्या दुसऱ्या कोणी रोज एक गोळी काढून द्यावी. आमच्याकडे आता ते काम वहिनी करते.

त्याच भेटीत आईने पायांना मुंग्या येतात आणि जीभ चुरचुरते असे सांगितले. चिपळूणला आणून रक्त तपासले, तर ब १२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी एकट्या पँटोप्राझोलला दोष दिला नाही. आईला मधुमेह आहे, ती मेटफॉर्मिन घेते आणि त्यानेही ब १२ कमी होते, शिवाय तिच्या आहारात आता मासे पूर्वीइतके राहिलेले नाहीत. पण अन्नातील ब १२ सुटे होण्यासाठी जठरातले आम्ल लागते आणि ते वर्षानुवर्षे दाबून ठेवले तर त्याची किंमत मोजावी लागते, हे त्यांनी स्पष्ट केले. दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांमध्ये मॅग्नेशियम कमी होणे, लोह नीट न शोषले जाणे, आतड्याचा संसर्ग होऊन जुलाब लागणे आणि क्वचित मूत्रपिंडाला सूज येणे हेही आढळते. वर्षाहून अधिक काळ, त्यातही मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण काहीसे अधिक दिसते. यांतले बरेचसे धोके लहान आहेत आणि ज्याला औषधाची गरज आहे त्याने त्यापायी ते सोडू नये. ज्याला गरजच उरलेली नाही त्याने मात्र हे लहान धोके तरी कशासाठी पत्करावेत?

थांबवतानाही घाई चालत नाही. दीर्घकाळ दाबलेले आम्ल गोळी एकदम बंद केल्यावर काही दिवस उसळी मारून येते आणि माणसाला वाटते की आपला आजार परतला. आईला डॉक्टरांनी आधी ४० मिलिग्रॅमवरून २० वर आणले, काही आठवड्यांनी एक दिवसाआड केले आणि मग बंद केले. मधल्या काळात तिला दोनदा रात्री करपट ढेकर आणि छातीत जळजळ झाली, तेव्हा तात्पुरते म्हणून पातळ अँटासिड दिले, तेही इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवून. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि निजण्याच्या आधी तीन तास काही नाही, एवढे पाळले. तिसऱ्या आठवड्यात ती उसळी आपोआप शमली.

पुढचा प्रसंग लिहिणे मला जड जाते. आईच्या अनुभवाने मी इतकी पेटून उठले होते की भेटेल त्याला सांगत सुटले, या गोळ्या वाईट आहेत, बंद करा. धाकट्या काकांनी ते मनावर घेतले. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधे चालू, वय सत्तरीच्या पुढे. अशा माणसाच्या जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो आणि त्यांना पँटोप्राझोल नेमके तो टाळण्यासाठी दिलेले होते. त्यांनी ते सोडले आणि महिन्याभरात शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. काकीने वेळीच ओळखून तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तिथून पुढे हलवले, दुर्बिणीने तपासणी झाली, जठरात व्रण सापडला आणि ते वाचले. घरी भेटायला गेले तेव्हा काका मला एक शब्दही लागेल असे बोलले नाहीत. "तू चांगल्यासाठीच सांगितलंस गो," एवढेच म्हणाले.

तेव्हापासून मी कोणालाही गोळी बंद करा असे सांगत नाही. ही कशासाठी दिली आहे आणि किती दिवसांसाठी, एवढे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, असे सांगते. घशाशी येणाऱ्या आम्लासाठी साधारण चार ते आठ आठवडे दिली जाते, जठरात व्रण करू शकणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूच्या उपचारात ती प्रतिजैविकांबरोबर बहुधा १४ दिवस असते आणि काकांसारख्यांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असेपर्यंत घ्यावी लागते. गोळी दिसायला एकच, पण कारण वेगळे आणि मुदतही वेगळी. या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर ही औषधे डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवावी लागतात, नाहीतर जंतू असूनही तपासणी कोरी येऊ शकते.

काकांच्या बाबतीत आणखी एक बारकावा कळला. क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल टाळायला सांगतात, कारण क्लोपिडोग्रेलचा परिणाम त्यांनी कमी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ सालीच ओमेप्राझोलबाबत तसा इशारा दिला होता. म्हणून दुकानात "ही नाही, पण तीच आहे" असे म्हणून दुसरे पाकीट पुढे केले, तर वरचे कंपनीचे नाव सोडून खालचे औषधाचे मूळ नाव वाचावे. मूळ नाव तेच असेल तर हरकत नाही, जनऔषधी केंद्रातले स्वस्त पाकीटही चालते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना दोन्ही औषधे सांगावीत, कारण आम्ल कमी झाले की ती गोळी कमी शोषली जाऊ शकते.

गणपतीला चाकरमानी आले की त्यांच्या पिशव्यांतून औषधेही येतात आणि जाताना मागे राहतात. आमच्या डब्यात अशीच रॅनिटिडीन या आम्लावरच्याच दुसऱ्या औषधाची जुनी पाकिटे होती. रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हा कर्करोगकारक ठरू शकणारा घटक आढळल्याने अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावले आणि आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते २०२२ मध्ये वगळले गेले. त्याच डब्यात डीएसआर अशी अक्षरे असलेल्या कॅप्सूलही होत्या. त्यांत पँटोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन हे मळमळ-उलटीवरचे औषध असते, ज्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढू शकतो, विशेषतः साठीपुढच्यांमध्ये. युरोपात २०१४ पासून डोम्पेरिडोन सहसा आठवड्याहून अधिक देऊ नये असा दंडक आहे, आणि आमच्याकडे पित्त उसळले की कोणीही उठून ती कॅप्सूल तोंडात टाकतो. मी ती सगळी पाकिटे बाहेर काढली.

पित्त या शब्दामागे आपण फार काही झाकतो. काकांचा हृदयविकाराचा झटका पहिली रात्रभर पित्त म्हणूनच घरात बसून राहिला होता. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ, आणि त्यांनी सोलकढी पिऊन वाट पाहिली. सोलकढी आपल्या जेवणाचा आत्मा आहे, तिच्याविषयी मला वाईट बोलवणार नाही. पण कोकम आंबट असते, काहींची जळजळ त्याने वाढते, आणि ती हृदयावरचे औषध तर नाहीच. असा दाब आला तर गोळी घेऊन वाट पाहू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. घास गिळताना अडकणे, विनाकारण वजन उतरणे, रक्ताची उलटी, काळे शौच यांतले काहीही दिसले तर गोळीने बरे वाटत असले तरी तपासून घ्यावे, कारण गोळीने आराम पडला म्हणून आतला व्रण किंवा गाठ नाही असे ठरत नाही.

आईच्या डब्यात आता प्रत्येक पाकिटाला रबराने एक चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर वहिनीच्या ठसठशीत अक्षरात कशासाठी, कधीपासून आणि कधीपर्यंत असे लिहिलेले आहे. काकांच्या पाकिटावरच्या चिठ्ठीत शेवटच्या रकान्यात "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही" असे आहे, ते काकांनी स्वतः लिहिले. आईची ब १२ ची पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे; तिने ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर एकादशीच्या शेजारी लाल शाईने लिहून ठेवली आहे.