फिटनेस दाखला: पैलवान भावाला परत केंद्रात घालताना

‘सदर खेळाडू मानसिकदृष्ट्या निरोगी असून यापुढे त्यास असा त्रास होणार नाही, असे प्रमाणित करण्यात येते.’

एवढं लिहून आणा, मग तुमच्या भावाला परत घेतो, असं मला निवासी प्रशिक्षण केंद्राच्या ऑफिसात सांगितलं. असं लिहून देणारा डॉक्टर शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्याकडून सर्दीची गोळीसुद्धा घेऊ नये.

ही २०२२ ची गोष्ट. अजूनही कुणी ‘दाखला’ म्हटलं की माझं डोकं उठतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. कुणाच्या घरातलं कुस्तीतलं, कबड्डीतलं, धावण्यातलं पोर असंच अडकलं असेल तर उपयोग होईल.

मागचं थोडक्यात. भाऊ ७४ किलोत लढायचा. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि केंद्राने पोरांना घरी धाडलं. नेमका तोच जत्रांचा हंगाम. पाडव्यापासून गावोगावी कुस्तीची मैदानं भरतात आणि त्या इनामावर वर्षाचा दूध-बदाम-तुपाचा खर्च निघतो. तो हंगाम गेला, पुढच्या वर्षीचाही गेला. महाराष्ट्र केसरीसुद्धा जानेवारी २०२० नंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. विशीतल्या पैलवानाची दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पैलवान आहे त्यालाच कळतं. भरतीचं वय सरतं, वजन हलतं, जोडीची पोरं पांगतात.

सुरुवातीला तो रानात जोर-बैठका मारायचा, विहिरीत पोहायचा. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविड झाला. त्यातून बरा झाला, छातीचा रिपोर्टही चांगला आला, पण ‘दम पुरंना’ म्हणून पहाटेचा उठेनासा झाला. मग जेवण तुटलं. रात्री उशाशी ठेवलेला दुधाचा तांब्या सकाळी साय धरून तसाच असायचा. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी झालंय. आबांचं एकच: ‘लंगोट चढवला की येतंय जाग्यावर.’ तालमी उघडल्या तरी तो काही गेला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकहून आलेल्या कुस्तीपटू विनेश फोगाटने आपल्या मनाच्या अवस्थेविषयी उघडपणे सांगितलं होतं. ते त्याने मोबाइलवर वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘ताई, विनेशलाबी होतंय की.’ पुढच्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे होतो.

उपचारांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञ बाई, एक गोळी, मधून मधून समुपदेशन, तेही बरंचसं फोनवर. काही महिन्यांत झोप बसली, भूक परतली, आणि एका पहाटे बैठकांचा आवाज आला. (त्याला हे इतकं सोपं गेलं नसणार. पण ते त्याचं त्याने लिहावं.)

खरा घोळ पुढेच आहे.

२०२२ च्या सुरुवातीला तो म्हणाला, परत जातो. केंद्राचा फॉर्म आणला. रक्त, ईसीजी, छातीचा फोटो, सगळं एका फटक्यात झालं. फॉर्मच्या मागच्या पानावर रकाना होता: ‘मानसिक आजाराचा पूर्वेतिहास – आहे / नाही’. भावाने ‘आहे’वर खूण केली आणि डॉक्टरबाईंचं पत्र जोडलं. खिडकीवरच्या साहेबांनी ते पान वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘मॅडम, कशाला लिहायला लावलंत? नाही म्हटलं असतं तर आजच आत असता.’

म्हणजे खरं लिहिणाऱ्याला शिक्षा. बरं, पत्र खासगी डॉक्टरांचं, म्हणून चालणार नाही. सरकारी दवाखान्याचा दाखला आणा. तिथे मानसिक ओपीडीला ठरावीक वार. आम्ही केसपेपर काढून बाकावर बसलो. भावाचे कान मोडलेले, मान ही एवढी. शेजारच्या म्हाताऱ्याने कौतुकाने विचारलं, ‘पैलवान, कुणाला घेऊन आलाय?’ भाऊ म्हणाला, ‘मीच हाय पेशंट.’ म्हातारा सरकून बसला, जागा द्यायला की लांब व्हायला, ते मला अजून कळलेलं नाही.

आतले डॉक्टर भले. त्यांनी नीट विचारपूस केली, तपासलं. पण दाखल्याच्या टेबलावर म्हणाले, आमच्याकडे नोकरीचा नमुना आहे, अपंगत्वाचा आहे, खेळाडूचा नाही. केंद्राचं पत्र आणा. केंद्रात म्हणाले, आम्ही असलं पत्र देत नाही, नमुना दवाखान्याकडेच असतो. पुन्हा दवाखाना. पुन्हा केंद्र. एसटीचं भाडं आणि माझ्या रजा सोडून द्या, पण मार्च उलटत होता. पाडव्यापासून, २ एप्रिलपासून, राज्यातले कोविडचे सगळे निर्बंध उठले. दोन वर्षांनी जत्रांची मैदानं भरायला लागली, त्याच्या जोडीची पोरं मातीत उतरली आणि हा माझ्याबरोबर खिडकीपुढे उभा. त्याच आठवड्यात त्याची झोप परत उडाली. बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा आजारी पाडायची ताकद त्या एका खिडकीत होती, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

शेवटी केंद्रातल्या साहेबांनी वैतागून एका कोऱ्या कागदावर मजकूर खरडून दिला. तोच, जो मी सुरुवातीला लिहिलाय. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो वाचला आणि हसले. ‘ताई, यापुढे त्रास होणार नाही असं मी माझ्याबद्दलसुद्धा लिहून देऊ शकत नाही.’

आणि त्याच केंद्रात, त्याच महिन्यात, गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेला एक पोरगा खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आत गेला. गुडघा पुन्हा जाणार नाही, याची हमी त्याच्याकडे कुणी मागितली नाही.

त्यावर कडी म्हणजे, ‘मग सगळ्या केसपेपरची झेरॉक्स जोडा, आम्ही बघून ठरवतो.’ इथे मात्र मी ठाम नाही म्हटलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये कलम २३ आहे. रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवून घ्यायचा हक्क आहे. समुपदेशनात पोरगं काय बोललं, ते ऑफिसातल्या कपाटात जायचं कारण नाही. मी पतसंस्थेत नोकरी करते, कागद कुठे दाबतात आणि कशाने हलतो, हे मला माहीत आहे. तोंडी बोलणं बंद केलं. अर्ज लिहिला: हा मजकूर कोणत्या नियमाने मागता, ते लेखी कळवा. दोन प्रती काढल्या, एकीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घेतला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२० मध्ये खेळाडूंच्या मानसिक तपासणीची पद्धत काढली आहे, १६ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. सुरुवातीला दहा प्रश्न, त्यात १७ किंवा जास्त गुण पडले तर पुढच्या प्रश्नावल्या. तिचीही प्रिंट जोडली. ‘हे इंग्रजीत आहे’ म्हणून ती परत दिली गेली, ते असो.

शिक्का बसल्यावर मात्र चक्रं फिरली. वरच्या साहेबांचा फोन आला, आवाज एकदम गोड. ठरलेला मजकूर असा, हवा तर उतरवून घ्या: ‘सध्या लक्षणे नाहीत. उपचार व पाठपुरावा सुरू आहे. सराव व स्पर्धेस वैद्यकीय हरकत नाही.’ यात खोटं काही नाही, म्हणून सरकारी डॉक्टरांनी लगेच सही केली. मी त्या दिवशी स्टँडवर दोन वडापाव खाल्ले, एकटीने.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की पेशंट खेळाडू आहे आणि नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) चाचणी होऊ शकते. नैराश्यावरच्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांवर बंदी नाही. पण चित्त एकाग्र होत नाही म्हणून देतात ती मिथिलफेनिडेट स्पर्धेच्या वेळी चालत नाही, आणि नेमबाजी-तिरंदाजीत धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलही नाही. नाडाचं ‘नो युअर मेडिसिन’ ॲप आहे, त्यात नाव घालून बघा. गोळीने वजन वाढेल का, हेही विचारा. वजनगटात लढणाऱ्याला तो प्रश्न छोटा नाही.

१४४१६ हा टेलि-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी नव्हता.

वस्तादांचं मात्र मानलं. त्यांनी ना दाखला बघितला, ना काही विचारलं. म्हणाले, ‘पंधरा दिवस नुसता तालमीतला मातीचा हौदा खणू दे त्याला, लढायचं मागनं बघू.’ भावाच्या म्हणण्याप्रमाणे गोळीइतकाच गुण त्या फावड्याचा.

फॉर्ममधला तो रकाना अजून तसाच आहे म्हणे. तरी ‘आहे’ असेल तर ‘आहे’च लिहा; नाडाच्या चाचणीच्या वेळी गोळ्यांची नावं विचारतातच. डॉक्टरांकडून उपचाराचा कागद आणि फिटनेसचं पत्र वेगवेगळं घ्या, खिडकीवर फक्त दुसरं द्या. दाखला तीन महिन्यांच्या आतला मागतात, तेव्हा फार आधी काढून ठेवू नका. आणि लॅमिनेशन करू नका, त्यांना मागच्या बाजूला शिक्का मारायचा असतो.