बर्फवाल्या काकाजींचा आक्षेप

आमच्या वाचनालयात समुद्रावरची पुस्तकं सहसा धूळ खात पडतात. यवतमाळ जिल्ह्यातलं आडवळणाचं गाव. इथल्या अनेकांनी समुद्र पाहिला तो 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेल्यावर, बाकीच्यांनी टीव्हीत. त्यामुळे अनुदानाच्या पुस्तकांत ती जाडजूड अनुवादित कादंबरी आली, तेव्हा मी तिला दाखल नंबर देऊन सरळ वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेलं देवमाशांच्या शिकारीचं जहाज, आत एक खून, खुनी जहाजावरच. पण कोणीतरी ती नेली, मग त्याच्या शेजाऱ्यानं नेली, आणि कापूस घरात येईपर्यंत तिची शिवण उसवली. एवढी फिरलेली कादंबरी मी क्वचितच पाहिली आहे.

म्हणून 23 एप्रिलच्या ग्रंथदिनाला पाहुणे, हार आणि भाषण रद्द केलं. फक्त या एका पुस्तकावर बोलायचं, ज्यांनी वाचलं त्यांनीच. कार्यकारिणीतल्या एकांना ते फारसं रुचलं नाही, पण हाराचे पैसे वाचले.

दुपारी चारला लोक जमले आणि वीज गेली. पारा 44 च्या पुढे, पत्र्याखाली आम्ही, आणि चर्चा गोठलेल्या समुद्राची!

सुरुवात माजी सैनिकांनी केली. ते सियाचीनला राहून आलेले. थंडी बरोबर लिहिली आहे म्हणाले, बोटं आधी पांढरी पडतात, मग दुखायचं थांबतं, आणि खरी भीती तिथून. ‘‘पन थो डॉक्टर बोटायले बर्फ घासते, हे पाहून मले राग आला. कातडी निंगून येते तशानं.’’ जुन्या काळी तसं करत, असं गुरुजींनी सांगितलं. गोष्ट जुन्या काळातलीच, त्यामुळे लेखक सुटला.

एक शेतकरी भाऊ मात्र पुस्तक अर्ध्यावर सोडून आलेले. खाणं संपत येतं आणि खलाशी गाडी ओढणारी कुत्री गोळ्या घालून मारतात, ते प्रकरण त्यांनी ओलांडलंच नाही. गुरुजी म्हणाले, हे खोटं नाही, अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनच्या माणसांनाही तेच करावं लागलं होतं. ‘‘असन,’’ भाऊ म्हणाले, ‘‘पन मी यंदा बैल इकला, ताई. मले नाई वाचवलं.’’ त्यावर कोणी काही बोललं नाही. मीच घाईघाईनं पुढच्याला बोला म्हटलं.

बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेले काकाजी उशिरा आले. हंगामाचे दिवस, रात्रपाळी करून झोपून उठलेले. शरबतासाठी गोणपाटात गुंडाळून लादीचा तुकडा आणला होता, तो त्यांनी थेट मासिकांच्या टेबलावर ठेवला. माझा जीव मासिकांत अडकला. त्यांनी मात्र गोणपाट बाजूला केलं आणि सुरू केलं.

आधी कौतुक. जहाजावर उडालेले तुषार दोरखंडांवर, डोलकाठीवर गोठत जातात आणि खलाशी रात्रभर लाकडी हातोड्यांनी तो बर्फ फोडतात, ती पानं त्यांना मान्य होती. ‘‘बर्फाचं वजन मले इचारा. वरून भारी झालं का जहाज पलटनारच, कापसाच्या ट्रकावानी.’’ हे खरंच आहे, ध्रुवाकडच्या पाण्यात मासेमारीची जहाजं अशीच उलटली आहेत.

मग आक्षेप. कादंबरीच्या शेवटाकडे सहा जण होडीतून निघतात. भोवती हिमनग, आणि त्यातले दोघे तहानेनं मरतात, कारण ‘सगळा बर्फ खारट’.

‘‘काऊन मेले?’’ काकाजींनी विचारलं. ‘‘ताई, आमच्या टाकीत मिठाचंच पानी असते. अमोनियानं थंड केलेलं, शून्याच्याही खाली जाते, पन गोठत नाई. त्यात साध्या पान्याचे डबे बुडवतो, थे गोठतात. अन् गोठतानी पानी आपल्यातली घान मंधात ढकलत जाते. हे पाहा.’’ त्यांनी तुकडा आडवा केला. कडेनं काचेसारखा स्वच्छ, त्यातून टेबलावरच्या कागदाची अक्षरं दिसत होती. मधोमध दुधाळ पांढरी रेघ, बारीक बुडबुड्यांची. ‘‘चांगली लादी पाह्यजे असन, तं मंधातलं पानी गोठायच्या आंधी पंपानं ओढून घेतो अन् चांगलं पानी भरतो. बर्फ मीठ धरून ठेवत नाई. समुद्राचं बी तसंच होत असन.’’

तसंच होतं. समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशाच्या आसपास गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकतं. नव्या बर्फात थोडा खारटपणा उरतो, पण काही वर्षांचा जुना समुद्री बर्फ वितळवून पिण्याजोगा असतो. हिमनगाचा तर प्रश्नच नाही, तो जमिनीवर पडलेल्या हिमाचा, म्हणजे गोडाच. हे मला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होतं, आणि तरी ती कादंबरी वाचताना मी त्या वाक्याशी अडखळले नव्हते.

गुरुजी मात्र लेखकाची बाजू सोडायला तयार नाहीत. त्यांनी शॅकल्टनच काढला. एन्ड्युरन्स जहाज जानेवारी 1915 मध्ये वेडेल समुद्रात अडकलं आणि नोव्हेंबरमध्ये बुडालं. ‘‘उद्याचीच तारीख, 24 एप्रिल 1916. एलिफंट बेटावर 22 माणसं ठेवून सहा जण एका होडीत निघाले. 800 सागरी मैल, म्हणजे इथून मुंबईला जाऊन परत येण्याएवढं. त्यांचंही पाणी शेवटी मचूळ झालं, तहानेनं जिभा सुजल्या. पण जहाजावरचे 28 च्या 28 जगले. तहान खरी आहे, काकाजी. बर्फ वितळवायला जळण लागतं, आणि नुसता बर्फ चघळला तर अंगातली ऊब जाते.’’

‘‘मंग जळन सरलं असं लिहाचं ना! बर्फ खारट हाये असं काऊन लिहलं?’’

याला उत्तर नव्हतं. मी पुस्तक आणून ते पान मोठ्यानं वाचलं. तेव्हा बी.ए.ला असलेली मुलगी म्हणाली, ‘‘ताई, हे लेखक नाही म्हणत. तो स्वयंपाक्याचा पोऱ्या म्हणतो.’’ खरंच, ते वाक्य अवतरणात होतं. तोवर तिची तक्रार वेगळीच होती. चारशे पानांत बाई कुठे आहे, तर कप्तानाच्या खोलीतल्या फोटोत. आता तिला यात रस आला.

‘‘पोऱ्याले नाई समजत, कबूल,’’ काकाजी म्हणाले. ‘‘पन बाजूले कप्तान बसला हाये. तीस वर्सं समुद्रावर. थो काऊन चूप?’’

‘‘जळण नाही हे त्याला माहीत असेल,’’ ती म्हणाली. ‘‘पोरगं बर्फ खाऊन गारठून मरू नये म्हणून गप्प बसला असेल.’’

माझ्या मते ती लेखकाला फार झुकतं माप देत होती. त्याच पानावर कप्तान नकाशा पाहतोय, त्याच्या मनात काय चाललंय याची ओळसुद्धा नाही. लेखक बहुधा चुकलाच. पण तिचं म्हणणं घेतलं, तर पुढच्या प्रकरणात कप्तान पोऱ्याच्या प्रेताला हात लावू देत नाही, ते एकदम कळतं. वाचताना मला तो नुसता विक्षिप्तपणा वाटला होता.

काकाजींनी बराच विचार केला. ‘‘तसं असन, तं कप्तान हुशार हाये. पन लेखकाले सांगता आलं नाई.’’

तोवर तुकड्याचं पाणी दोन मासिकांत शिरलं होतं. उरलेला बर्फ फोडून शरबत झालं. अभिप्राय वहीत काकाजींनी आपल्या हातानं लिहिलं : ‘पुस्तक चांगले आहे. पान 371 तपासावे.’ खाली सही, पुढे कारखान्याचा हुद्दा. गुरुजींनी त्याखाली असहमतीची टीप जोडली, ती त्यांच्या सवयीप्रमाणे पानभर झाली, आणि पुस्तक पुन्हा वाचायला म्हणून ते घरी घेऊन गेले. शेतकरी भाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं, कुत्र्यांचं प्रकरण कोणत्या पानावर संपतं? मी आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. गुरुजींनंतर नंबर त्यांचा लावला आहे.