तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारच्या घरातून आवाज येतो, मध्ये पडायचं का?

मी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. हळदीकुंकवाला असो, लग्नात असो की रेल्वेच्या लेडीज डब्यात, माझं काम कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणारी बाई आधी इकडेतिकडे बघते आणि मग हळूच म्हणते, "आमच्या वरच्या मजल्यावर रोज मारहाण चालते हो. आम्ही मध्ये पडायचं का? उद्या ते दोघं एक होतील आणि आम्ही वाईट ठरू."

पडायचं. वाईट ठरलात तरी पडायचं. कसं पडायचं, ते मात्र नीट समजून घ्या.

आवाज चालू असेल तर बेल वाजवा. विरजण मागा, पाणी आलंय का विचारा, कुठलंही निमित्त चालेल. दार उघडायला आलेल्या माणसाचा हात तेवढ्यापुरता थांबतो. बाईला दुसऱ्या खोलीत सरकायला दोन मिनिटं मिळतात, आणि बाहेर ऐकू जातंय हे त्यालाही कळतं. दारातच त्याला जाब विचारू नका, कारण दार लागल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघतो. एकट्याने जाऊ नका. हातात काही हत्यार असेल, तो जाळून टाकायची भाषा करत असेल किंवा गळा दाबत असेल, तर बेलच्या भानगडीत न पडता सरळ ११२ ला फोन करा.

"आमच्यावरच केस झाली तर?" हा पुढचा प्रश्न. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्याचं चौथं कलम तुमच्यासाठीच आहे. हिंसा होतेय, झालीय किंवा होणार आहे असं वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी कुठे बसतात हे माहीत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करून विचारा.

पण खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. ती एकटी भेटेल तेव्हा, गच्चीवर कपडे वाळत घालताना किंवा मुलांना शाळेत सोडताना, एवढंच म्हणा: "काल आवाज आला. काही लागलं तर माझं दार वाजव, रात्री दोन वाजताही." सासूसमोर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच, कारण फोन बहुधा तो तपासतो. "तू काही बोललीस का त्याला?" हे तर अजिबात विचारू नका. आणि "सोडून दे त्याला" असा धोशाही लावू नका. बाई घर सोडायला निघते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. पैसे, मुलं, राहायची जागा, या सगळ्याचा हिशोब ती मनात कधीपासून मांडत असते. तो तिचा तिला मांडू द्या.

आमच्याकडे आलेल्या एका बाईंच्या खालच्या मजल्यावर ब्लाऊज शिवणाऱ्या काकू राहायच्या. फॉल-पिकोचं निमित्त करून ही खाली यायची आणि दर वेळी एकेक कागद ठेवून जायची. मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, स्वतःचं पासबुक. काकूंनी ते सगळं गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या चळतीत एका पिशवीत ठेवलं आणि पिशवीला भलत्याच नावाची चिठ्ठी टाचली. मध्यंतरी नवऱ्याशी समेट झाला आणि हीच बाई काकूंना म्हणाली, "आमच्या घरात लक्ष घालू नका." काकू उलट एक शब्द बोलल्या नाहीत, पिशवीही जागची हलवली नाही. पुन्हा मार बसला तेव्हा ती थेट काकूंकडे आली, आणि दोघी ती पिशवी घेऊन आमच्याकडे.

तिला घर सोडायचंच नव्हतं. या कायद्यात तशी सोय आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. घर नवऱ्याच्या नावावर असो, सासऱ्यांच्या नावावर असो, तिथे राहण्याचा हक्क बाई मागू शकते. प्रसंगी नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. सासरच्यांच्या मालकीच्या घराबाबतची शंका तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच दूर केली. "गप्प सोस, नाहीतर माहेरी जा" एवढ्या दोनच वाटा तिला दाखवणारे लोक बघितले की माझा संताप होतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितल्याचं दिसतं. त्यातही बहुतेकींनी ती माहेरच्यांकडे मागितली. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या फारच थोड्या. म्हणून तर मला शेजारणी महत्त्वाच्या वाटतात.

तिच्यासोबत दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना खरं सांगायला तिला धीर द्या. "बाथरूममध्ये पडले" असं केसपेपरवर गेलं की पुढे तोच कागद तिच्या विरोधात दाखवला जातो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र याच विचाराने उभं राहिलं. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे गेली नाही तरी कधी ना कधी दवाखान्यात येतेच, तर तिथेच तिच्याशी बोलणारं कुणीतरी हवं. बलात्कार झालेल्या बाईवर प्रथमोपचार आणि उपचार लगेच व मोफत करणं सरकारी-खाजगी सगळ्या रुग्णालयांना बंधनकारक आहे. "आधी एफआयआर आणा" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर तिथे तिच्या मर्जीची वाट बघायची नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे, गप्प राहणं हा गुन्हा आहे. तेव्हा पोलिसांना कळवाच, आणि मुलीच्या मदतीसाठी १०९८ ला फोन करा.

आणि अजून एक. कोर्टात केस उभी राहते तेव्हा वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेले लोक "आम्ही काही ऐकलं नाही" म्हणतात. म्हणून आवाज आला की कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. तिने कधी विचारलंच, "काकू, साक्षीला याल का?", तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी पक्कं असेल.