शुक्रवारची चिठ्ठी

पाच दिवसांच्या खोकल्याने हैराण होऊन आज सायंकाळी गंगापूर रोडवरील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी छाती तपासून अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहिली खरी, पण शुक्रवारपर्यंत ती मेडिकलमध्ये दाखवायची नाही, असे बजावले. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, अँटिबायोटिक केवळ जिवाणूंवर चालते आणि साधा खोकलाही पूर्ण जायला तीन आठवडे लागू शकतात, हे त्यांनी शांतपणे समजावले. "पण डॉक्टर, कफ हिरवा पडतो आहे," असे मी म्हणताच, नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही, असे उत्तर मिळाले. मात्र धाप लागली, छातीत दुखले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर शुक्रवारची वाट न पाहता लगेच यावे, हे त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिले.

त्यांनी नुसते 'नको' म्हटले असते, तर मी घरी येऊन मागच्या आजारातल्या उरलेल्या तीन गोळ्या नक्कीच शोधल्या असत्या (आईने त्या काढूनही ठेवल्या होत्या). आता चिठ्ठी कॅलेंडरच्या खिळ्याला टोचली आहे आणि गुळण्यांसाठी मिठाचे पाणी गॅसवर तापते आहे.