डाखाची मर्जी

घरच्या घरी दागिने झाळायची हौस लागली की माणूस आधी टॉर्च विकत घेतो. बटण दाबलं की भुस्स आवाज, निळी ज्योत, आणि आपण कारागीर झाल्याची खात्री! माझाही त्या छोट्या ब्युटेन टॉर्चवर जीव आहे. पण टेबलावरचं खरं मानी पात्र म्हणजे डाख, वितळून सांधा जोडणारा मिश्रधातू. बाकीची हत्यारं त्याची मर्जी राखायला असतात.

त्याचा पहिला हट्ट म्हणजे सांध्याची दोन्ही टोकं घट्ट भिडलेली हवीत, इतकी की उजेडासमोर धरलं तर मधून प्रकाश दिसू नये. भेग बुजवणं हे आपलं काम आहे असं डाख मानतच नाही. वितळलेला डाख केशाकर्षणाने अरुंद फटीत ओढला जातो. फट रुंद असली की एका काठाला रुसून बसतो. म्हणून साखळीची तुटलेली कडी जोडताना टॉर्चपेक्षा कानस आणि दोन पकडींनाच जास्त राबावं लागतं. कडी फाकवायची नाही. एक टोक पुढे, एक मागे असं सरकवून उघडायची आणि तशीच मिटवायची, म्हणजे तिचा गोल बिघडत नाही.

दुसरा हट्ट सोवळ्याचा. बोटाचा तेलकट डागही त्याला खपत नाही. ही स्वच्छता तापतानाही टिकावी म्हणून टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. पाण्यात कालवून ब्रशने लावला की काम झालं असं वाटतं, पण तापताना तो आधी पांढराफटक फुगतो आणि सांध्यावर नीट ठेवलेला डाखाचा इवलासा तुकडा उचलून भलतीकडे टाकतो. चिमटा हातातच हवा तो इथे. थोड्या वेळाने फुगारा बसतो, टाकणखार वितळून त्याची काच होते आणि तिच्याखाली धातूला हवा लागत नाही.

आता ज्योत. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही, त्यामुळे नुसत्या सांध्यावर ज्योत रोखली तर उष्णता बाकीच्या दागिन्यात पळते. आधी सगळा दागिना फिरत्या ज्योतीने तापवायचा, सांध्याकडे शेवटी यायचं. डाखावरच ज्योत धरली तर त्याची गोळी होते. दागिना पुरेसा तापला की मात्र तो क्षणात पातळ होतो आणि सांध्यातून एक लखलखीत रेघ धावत जाते. ती दिसली की ज्योत बाजूला! ९२.५ टक्क्यांची चांदी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागते आणि लवकर वितळणारा 'ईझी' डाख साधारण ७०० च्या पुढे वाहतो. मधल्या अंतरात काय ते आटपायचं.

रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग आयर्न इथे चालत नाही. तिची कथिल-शिशाची तार १८३ अंशांनाच वितळते, जोड दिसतो, पण लेचापेचा. शिवाय त्या शिशाचा अंश राहिला आणि पुढे कुणी टॉर्च लावला, तर चांदीला खड्डे पडतात. सोनार त्या उपद्व्याप्याला शिव्या घालतो ते रास्तच आहे.

मोती, ओपल आणि स्प्रिंगवाली फासकी यांच्याजवळ ज्योत न्यायचीच नाही. खिडकी उघडी ठेवायची, आणि कॅडमियमवाला डाख स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही, त्याचा धूर विषारी असतो. आधीचा सांधा जवळच असेल तर त्यावर पेन्सिलीची गडद रेघ ओढून ठेवावी. एवढ्या मानी डाखाला ग्रॅफाइटचं मात्र वावडं आहे, रेघ ओलांडायला तो सहसा धजत नाही.

शेवटी काळवंडलेला दागिना सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात टाकायचा. पण तो काढायला लोखंडी चिमटा बुडवलात, तर त्या पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढतं आणि दागिना गुलाबी होऊन बाहेर येतो. तिथे प्लास्टिकचा चिमटा वापरावा.